खांद्यावरच्या पोराची उंची

ते माझ्या कानाशी बोलायचे. कानात नव्हे, कानाशी. समोर दोन हात अंतरावर उभं राहून, नजर माझ्या डाव्या कानाच्या पाळीवर ठेवून. पहिल्या दिवशी मी तीनदा कानाला हात लावून पाहिला, डूल नीट आहे ना म्हणून. पुढे कळलं की ते सगळ्यांच्याच कानाशी बोलतात. मालकांच्या, टेम्पोवाल्याच्या, हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीच्या साहेबांच्यासुद्धा. गोडाऊनमधली माणसं त्यांना मागे ‘कानसेन’ म्हणायची. त्यांच्या कानावर ते होतंच. “असू दे,” म्हणायचे, “गायला तर सांगत नाहीत.”

गोडाऊन गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला होतं. लाइट, स्पीकर आणि लेसरची मशिनं भाड्याने द्यायचा आमच्या मालकांचा धंदा. पुण्यात तेव्हा कंपन्यांवर कंपन्या उघडत होत्या आणि प्रत्येकीला वर्षातून एकदा नाचायचं असायचं. त्या नाचाला हिरव्या-निळ्या किरणांचा पंखा लागायचा. गणपतीत मंडळांना लागायचा, लग्नात वरातीला लागायचा. ही मशिनं बांधून, रोखून, चालवून दाखवायचं काम या कानाशी बोलणाऱ्या काकांचं. मी त्यांना काका म्हणायचे. वय साठीच्या पुढे, राहायला सदाशिव पेठेत, आणि आयुष्य गेलं खडकीच्या एका सरकारी कारखान्यात. तिथे सैन्यासाठी दुर्बिणी आणि नेमाची यंत्रं दुरुस्त व्हायची, ती ते तपासायचे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे.

आता माझं सांगते. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला आणि ते चार मार्क मी अजून सोडलेले नाहीत. हे सगळं कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते.

मालकांनी मला घेतलं तेच डिग्री बघून. म्हणाले, “मॅडम, तुम्हाला मशिनला हात लावायचा नाही. आजकाल पोलीस, मंडळं, कंपन्या, सगळे कागद मागतात. सायन्स ग्रॅज्युएटची सही असली की कागद जड होतो.” कागद असा होता: ‘लेसर यंत्राची जागा, उंची व दिशा तपासली. प्रेक्षकांच्या डोळ्यांना धोका नाही.’ खाली रेघ. रेघेखाली ‘तपासणाऱ्याची सही’.

मला ती रेघ फार आवडली. आमच्या घरात सहीची रेघ आली की वडील अंगठा पुढे करायचे. रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, माझ्या शाळेच्या दाखल्यावर अंगठा. मग ती जांभळी शाई ते जवळच्या पोत्याला पुसून टाकायचे, कुणी बघायच्या आत. मी नववीत असल्यापासून पेपरच्या कोऱ्या कडांवर सही गिरवत होते. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला एक वेलांटी घेऊन खाली दोन ठिपके. आता ती सही लोकांना हवी होती.

पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर काका एका मशिनवर काळं फडकं घालत होते. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघून म्हणाले, “या, ग्रॅज्युएट.”

सदाशिव पेठेतला माणूस हमालाच्या मुलीला ‘या, ग्रॅज्युएट’ म्हणतो तेव्हा तो टोमणाच असणार, असं मी धरून चालले. म्हटलं, “मला नाव आहे.”

“असणारच. पण ते आईवडिलांनी दिलंय. हे आपण मिळवलंय.”

हा माणूस सगळ्यांना ‘अहो’ आणि ‘आपण’ म्हणायचा. टेम्पोवाल्याला आपण, चहावाल्याला आपण. मशिन तापलं की त्यालाही म्हणायचे, “अहो, जरा दमानं घ्या.” शो संपला की मशिनवर काळं फडकं घालायचे आणि जाहीर करायचे, “निजले.” तोपर्यंत मशिनच्या पुढून कुणी गेलं तर मात्र आपण-बिपण विसरून ओरडायचे.

चकाकणाऱ्या वस्तूंशी त्यांचं वैर होतं. खिशात कायम काळ्या चिकटपट्टीचं रिंगण. कार्यक्रमाच्या जागी गेले की आधी सगळीकडे फिरून जे जे चमकेल त्याला पट्टी लावायचे, माइकच्या दांड्याला, खुर्चीच्या स्टीलच्या पायाला, जेवणाच्या टेबलावरच्या मोठ्या पळ्यांना. किरण आरशावर पडला की कुठे जाईल ते आरसा ठरवतो, माणूस नाही, हे त्यांचं म्हणणं. हिंजवडीच्या एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी स्टेजवर मांडलेल्या बावीस ट्रॉफ्यांवर हात पुसायचे बावीस टॉवेल घातले. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी मुलगी धावत आली.

“अंकल, व्हॉट इज धिस? हे अवॉर्ड्स आहेत!”

“हो. त्यांना थंडी वाजत होती.”

“पण सर आता येतील ना!”

“सर चमकतात का?”

ती बिचारी खरंच विचारात पडली. सरांना टक्कल होतं.

त्याच कार्यक्रमात, कागद द्यायला गेले होते तेव्हा, मी पहिल्यांदा पाहिलं की पुढची मुलं लेसर सुरू झाला की अजून पुढे सरकतात, किरणात तोंड घालायला. माइकवरून दोनदा सांगितलं, डोळ्यांना इजा होईल, मागे व्हा. कुणी हललं नाही. काकांनी माइक मागून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “एक सूचना. या किरणाने मोबाइलचा कॅमेरा कायमचा जातो.” पुढच्या तीन रांगा एका क्षणात रिकाम्या झाल्या.

“खोटं बोललात?” मी विचारलं.

“मुळीच नाही. कॅमेराही जातो. तो गेलेला तिथल्या तिथे कळतो. डोळ्याचं घरी गेल्यावर कळतं.”

पण त्यांची खरी ओळख म्हणजे ‘पोर’. पोर म्हणजे एक बांबू. माणसापेक्षा चांगला दीड-दोन हात उंच, आणि वरच्या टोकाला पांढऱ्या पुठ्ठ्याचा ताटलीएवढा गोल. त्या गोलावर काजळाचे दोन ठिपके. डोळे. हे पोर ते रिक्षाला आडवं बांधून सदाशिव पेठेतून आणायचे. सिग्नलला आजूबाजूचे शिव्या द्यायचे. जागेवर पोचले की हुकूम सुटायचा, “पोर उभं करा.” एकाने मागून बांबू धरून तो प्रेक्षकांच्या जागेत फिरवायचा, काका मशिन अगदी मंद करून चालवणार. पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका पडला की ओरडायचे, “पोराला लागलं!” मग मशिन वर घ्यायचं, पुन्हा फिरवायचं, पोराला लागणं बंद होईपर्यंत.

ही उंची त्यांनी आणली कुठून, तर विसर्जनाच्या मिरवणुकीतून. एका वर्षी ते पेठेतल्या एका जिन्याजवळ गणपतीकडे पाठ करून तासन्‌तास उभे होते म्हणे. बापांच्या खांद्यांवर बसलेली मुलं बघत होते आणि त्यांचे डोळे कुठवर येतात त्याच्या खुणा भिंतीवर खडूने करत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, “अहो, गणपती तिकडे आहे.” हे म्हणाले, “दरवर्षी येतो तो. मी आज प्रेक्षक बघतोय.” सगळ्यात वरच्या खुणेच्याही वर चार बोटं ठेवून त्यांनी बांबू तोडला. मशिनबरोबर येणाऱ्या पुस्तकात उंची दिलेली होती, पण ते म्हणायचे, “पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात मुलं बापाच्या शेजारी उभी राहत असतील. आपल्याकडे बसतात.”

मला हे सगळं तेव्हा विक्षिप्तपणाच वाटायचं. कारण माझं काम सहीचं होतं आणि ते टेबलावर चालायचं. दुसऱ्याच आठवड्यात मालक म्हणाले, “मॅडम, गणपती तोंडावर आलेत. रोज कुठे कागद करत बसणार? एकदम पन्नास करून ठेवा.” मी केले. मंडळाचं नाव कोरं, जागा कोरी, तारीख कोरी, खाली माझी सही. वेलांटी, दोन ठिपके. खरं सांगते, करताना मजा आली. शेवटच्या दहा तर फारच सुरेख आल्या.

काका चहाचा ग्लास घेऊन आले आणि टेबलापाशी थांबले. गठ्ठा मालक नुकतेच घेऊन गेले होते, एक कागद मागे राहिला होता. काकांनी तो उचलला, डोळ्याच्या एका कोपऱ्याशी नेला, मान तिरकी करून वाचत राहिले. बराच वेळ.

“आपण काय तपासलंत?”

“कागद.”

“आणि?”

“सहीची जागा.”

त्यांनी कागद खाली ठेवला. रागावले नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि कानाशी म्हणाले, “सरळ पाहिलं तर आपला चेहरा मला कडेकडेने दिसतो. कपाळ दिसतं, हनुवटी दिसते. मधे काही नाही. आपल्याला नाक आहे असं मी गृहीत धरतो. नसलं तर माफ करा.”

मी हसले. ते हसत नव्हते.

मग त्यांनी सांगितलं, तेही पावती वाचावी तसं. डावा डोळा जन्मापासून अधू. “सुट्टीवरच आला होता.” सगळं काम उजव्यावर. खडकीच्या कारखान्यात अंतर मोजणारं एक यंत्र दुरुस्त होऊन आलं, लेसरचं, आणि तो लेसर डोळ्याला न दिसणारा. नियम असा, की यंत्र बंद करून, झाकण लावून, साहेबाने पाहून सही केली की मगच तपासनिसाने भिंगाला डोळा लावायचा. साहेब इंजिनिअर. कागदावर सही होती. काकांनी सही बघितली आणि डोळा लावला.

“आतून ‘टक्’ असा आवाज आला. वाळकी काडी मोडल्यासारखा. उजेड दिसला नाही, दुखलं नाही. मान वर केली तर समोरच्या माणसाला तोंड नव्हतं.”

“साहेबांनी बघितलं नव्हतं?”

“त्यांनी आदल्या दिवशीच दहा कागदांवर एकदम सह्या केल्या होत्या. मला सही करायचा अधिकार नव्हता, मी जुना अकरावी. बघायचं मी, सही करायची त्यांनी, अशी वाटणी होती.” त्यांनी ग्लासातला गार चहा संपवला. “ग्रॅज्युएट, आपल्याला दोन्ही करता येतं. बघताही येतं आणि सहीही आहे. अशी माणसं मला फार भेटली नाहीत.”

मी त्याच पावली मालकांकडे गेले. कागद परत द्या म्हटलं. मालक हसले. तोवर गठ्ठा त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला होता आणि ड्रॉवरला किल्ली होती. “अहो मॅडम, तो म्हातारा सगळ्यांना घाबरवतो. आजवर एक तक्रार आली आहे का?”

तक्रार येणार कशी? मिरवणुकीत डोळा गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. तो काय आमच्या गोडाऊनचा पत्ता शोधत येणार आहे?

त्या दिवसापासून मी टेबल सोडलं. मशिन जिथे जाईल तिथे मी जाणार, हे ठरवून टाकलं. माझी सही आधी पोचली असेल, तर मी मागून पोचणार. काका मशिन रोखायचे आणि पोर मी धरायचे, मागून, मान खाली घालून, त्यांनी शिकवलं तसं. मंडपात, कार्यालयात, कंपनीच्या हिरवळीवर. पोराला लागलं तर मशिन वर घेतल्याशिवाय आम्ही जागा सोडत नव्हतो. मालक चिडायचे, पण गणपती जवळ आलेले, मशिन बांधणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

आणि मग आमच्या वस्तीच्या मंडळाने लेसर घेतला.

मला हे कळलं ते फ्लेक्सवरून. वस्तीच्या तोंडाशी हा मोठा फ्लेक्स, ‘भव्य लेसर शो’, आणि खाली कोपऱ्यात, ‘तांत्रिक तपासणी: आपल्या वस्तीची कन्या’, पुढे माझं नाव, पुढे बी.एस्सी. वडील फ्लेक्ससमोर उभे होते. त्यांनी कुणाकडून तरी तो वाचून घेतला होता आणि आता माझ्या नावाची जागा लक्षात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवत होते. “हितं. हे हितं हाय.”

माझ्या पन्नासातला एक कागद पोलीस चौकीत जाऊनही बसला होता. वस्तीचं नाव मालकांनी हाताने भरलं होतं.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी काका रिक्षाला पोर बांधून आले. मिरवणुकीची ट्रॉली यार्डातल्या एका बंद शेडमध्ये सजवायला उभी होती. आत बऱ्यापैकी अंधार, ठिपका दिसायला सोयीचा. मंडळाच्या मुलांनी मशिन परस्पर नेऊन पुढच्या पाइपवर बांधलं होतं. मंडळाचा अध्यक्ष आमच्या शेजारचाच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आनंदाने पुढे आला.

“काका, टेन्शन नाय. म्या सवता हुबा राहून बघितलंय. मानसाच्या डोक्यावरनं हातभर वर जातंय.”

“आपण उभं राहून पाहिलंत,” काका त्याच्या कानाला म्हणाले. “बसून कुणी पाहिलं?”

“बसून?”

“खांद्यावर.”

अध्यक्ष मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. मी पोर उचललं, ट्रॉलीच्या पुढे वीस पावलांवर जाऊन उभी राहिले, मान खाली घातली. सगळ्यांना मशिनच्या मागे घेतलं. काकांनी मशिन मंद केलं. मी वर बघितलं नाही, पण आवाज आला.

“पोराला लागलं.”

चार पावलं पुढे. “लागलं.” डावीकडे. “लागलं.” मशिन बंद करून काकांनी ते वरच्या बाजूला कलतं केलं. मग आम्ही ट्रॉली ढकलत शेडच्या दाराशी आणली आणि समोरच्या आमच्या गल्लीकडे बघितलं. किरण पोराच्या वरून नेला, तर तो दोन्ही बाजूंच्या पहिल्या मजल्यांच्या गॅलऱ्यांत जाणार. आणि विसर्जनाला आमच्याकडे गॅलरीत उभं राहायला जागा मिळत नाही. पाइप अजून उंच करावा, तर वर विजेच्या तारा.

काकांनी मशिनवर काळं फडकं घातलं. “या गल्लीत याला जागा नाही. खाली मुलं, वर गॅलऱ्या. आभाळ थोडं उरलंय, पण तिकडे गर्दी नसते.”

“अहो काका, फ्लेक्स लागलाय!” अध्यक्षाचा आवाज चढला. “समद्या मार्केट यार्डाला म्हाईत झालंय. आन् ताईची सही हाय की चौकीत! सही हाय म्हंजी बघितलंयच की!”

तिथे मला कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “सही केली तेव्हा मी बघितलं नव्हतं. आज बघितलं. लेसर लावायचा नाही.”

शेडमध्ये पंधरा-वीस जण होते, सगळे ओळखीचे. एकजण म्हणाला, “शिकली म्हणून आता आपल्याच गणपतीला आडवी जाती व्हय.” दुसरा म्हणाला, पेठेतल्या म्हाताऱ्याने हिला फितवलं. मालकांना फोन लावला तर त्यांचं एकच: “सही झालेली आहे, मॅडम. विषय संपला. नसेल जमत तर उद्यापासून येऊ नका.”

काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “माझ्या सांगण्याला कागद नाही. आपल्या सांगण्याला आहे.” एवढंच. पुढे काय कर, हे त्यांनी सांगितलं नाही.

गर्दीच्या मागे वडील उभे होते. ते पुढे आले. मला वाटलं, फ्लेक्सचं काहीतरी बोलणार.

“तू सवता बघितलंस?”

“बघितलं.”

“मला दाव.”

काकांनी फडकं काढलं, मशिन पुन्हा पहिल्यासारखं केलं, मंद चालवलं. मी पोर धरलं. वडील मशिनच्या मागे उभे राहिले आणि त्या पांढऱ्या गोलाकडे बघत राहिले. हिरवा ठिपका काजळाच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जात होता, येत होता. वडिलांनी नकळत स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. तिथे पोती वाहून घट्टा पडलेला आहे. वस्तीतली निम्मी मुलं दर विसर्जनाला त्याच खांद्यावर बसून गणपती बघत मोठी झाली.

मशिन बंद झाल्यावर ते अध्यक्षाला म्हणाले, “तूबी बसलायस हितं. पाच वर्साचा आस्ताना. आठवतंय का?”



“चल,” वडील मला म्हणाले, “कुठं दिलीस ती सही, तिथं जाऊ.”

चौकीत हवालदारांनी फाइलमधून कागद काढला. माझं म्हणणं ऐकून त्यांनी पेन कानावर ठेवलं. “बाई, सही परत घेता येत नाही. दिली ती दिली.”

“मग खाली दुसरी करते.”

असा अर्ज त्यांच्याकडे आधी कधी आला नसावा. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी चालेल म्हणून मान हलवली. मी त्याच कागदावर, माझ्या सुरेख सहीच्या खाली, लिहिलं: ‘वरील सही न पाहता केली होती. आज स्वतः जाऊन पाहिले. किरण खांद्यावर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांत जातो. या गल्लीत लेसर लावू नये.’ वेलांटी नीट आली नाही. ठिपके द्यायचे राहिले.

“साक्षीदार कोण?” हवालदारांनी विचारलं.

वडिलांनी नेहमीसारखा अंगठा पुढे केला. शाईच्या डबीवर दाबला, माझ्या सहीशेजारी टेकवला. मी सवयीने आजूबाजूला पुसायला फडकं शोधलं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” तशाच जांभळ्या अंगठ्याने ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाची मिरवणूक साध्या हॅलोजनवर निघाली. ढोल होते, गुलाल होता. वडिलांच्या खांद्यावर नेहमीप्रमाणे मुलं आळीपाळीने बसली. त्यातल्या किती जणांचे डोळे वाचले ते मला सांगता येणार नाही. कदाचित एकाचाही गेला नसता. वाचलेल्या डोळ्यांची यादी कुठे लागत नाही, आणि फ्लेक्सवर तर नाहीच. फ्लेक्सवरून माझं नाव मात्र कुणीतरी ब्लेडने कापून काढलं, अगदी चौकोनी. दिवाळीपर्यंत नळावर माझ्याशी कुणी बोललं नाही. नोकरी गेली. काकांना विचारलं, तुम्हालाही काढलं का? म्हणाले, “मला कामावर घेतलंच कुठे होतं? ‘येत जा’ म्हणाले होते. आता ‘येऊ नका’ म्हणाले.”

चौकीतून त्या कागदाची झेरॉक्स मी मागून घेतली होती. पुढच्या रविवारी ती घेऊन सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, एकही आरसा नाही. दाढी अंदाजाने करायचे. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्याने एकेक अक्षर धरत वाचायला लागले. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर हात वर केला. पाच मिनिटं तरी गेली असतील.

“अक्षर वाईट आहे,” म्हणाले. मग बोट खाली नेलं. “आणि हा डाग कसला?”

मला ओशाळल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू? इतकं सगळं करून आल्यावरही झालं. म्हटलं, “डाग नाही. वडिलांचा अंगठा आहे. त्यांना सही येत नाही.”

“त्यांनी पाहून दिला?”

“तुम्हीच दाखवलंत की त्यांना.”

त्यांनी कागद अजून जवळ घेतला, अगदी गालाला लागेल इतका, आणि त्या ठशाच्या बारीक रेघा कडेकडेने बघत राहिले.

“मग ही सही आहे,” ते म्हणाले. “अंगठा आमच्या साहेबांचा होता.”

निघताना त्यांनी दाराआडून बांबू काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, “पोर घेऊन जा, ग्रॅज्युएट. मला आता कुणी बोलवणार नाही. आपल्याला बोलवतील.” लगेच कुणी बोलावलं नाही, बरीच वर्षं गेली, पण बोलावलं. आज कार्यक्रमांचे दिवे तपासणं हेच माझं काम आहे, आणि जागेवर पाऊल टाकल्याशिवाय माझ्या पेनाचं टोपण निघत नाही. काका आता नाहीत. पुठ्ठा मी चारदा बदलला. काजळाचे ठिपके दर वेळी नव्याने काढते.

त्या रविवारी कंडक्टर बांबू बसमध्ये घेईना. “बाई, हे काय आहे?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “पोर आहे.” त्याने घंटी मारली. मी पेठेतून चालत निघाले, स्वारगेटवरून गुलटेकडीपर्यंत, पोर खांद्यावर घेऊन.